सामान कोण उचलतंय?

पत्राचा सारांश: तालुक्याच्या गावी पदवीच्या वर्गांना इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचं हे पत्र आहे. दुसऱ्या वर्षाच्या अंतर्गत मूल्यमापनासाठी त्यांनी यंदा ॲरिस्टोफेनीसचं ‘बेडूक’ हे प्राचीन ग्रीक प्रहसन निवडलं. इंग्रजी अनुवाद मुलांना जड जातोय असं दिसल्यावर काही प्रवेश त्यांनी स्वतःच बोली मराठीत करून दिले. तेव्हापासून वर्ग हसतोय, पण त्यांना वाटतं की भलत्याच गोष्टींना हसतोय: देवाच्या बुडाला आलेल्या फोडांना, पादण्याला, फटक्यांना. प्रतीकांचा विषय काढला की निम्मी मुलं गप्प बसतात आणि उरलेली सुचेल ते सांगतात. एक म्हणतो सामान म्हणजे पूर्वजन्मीचं कर्म, दुसरा म्हणतो बेडूक म्हणजे मतदार, तिसरीच्या मते तळं म्हणजे अंतर्मन. मारहाणीच्या प्रवेशाला सगळा वर्ग खिदळत असताना एक मुलगी हसली नाही. तिने विचारलं, “यात हसण्यासारखं काय आहे, मॅडम?” आता मुलांना यातले प्रवेश स्नेहसंमेलनात करायचे आहेत आणि सहकारी म्हणतात, घाणेरडा भाग गाळा, नाहीतर नाटकच बदला. त्यांचे प्रश्न असे: मुलं थिल्लर आहेत की मी शिकवायला कमी पडतेय? कुठलं प्रतीक बरोबर आणि कुठलं चूक, हे कसं सांगायचं? आणि संमेलनाचं काय करायचं?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं. ‘मुलं नुसती हसतात, नाटकापर्यंत पोचतच नाहीत.’ हे वाचल्यावर मनात आलं, ती जिथे हसतात तिथे मग काय आहे? तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा देवळासारखं काहीतरी असावं. विनोद म्हणजे अंगण, प्रतीक म्हणजे गाभारा, आणि मुलं अंगणातच लगोरी खेळत बसलीत. वर्गात साहित्य शिकवणाऱ्या आपल्या सगळ्यांनाच ही सवय लागलेली असते. ‘बेडूक’मध्ये मात्र अशा दोन जागा वेगळ्या काढता येत नाहीत, आणि हे तुम्हाला पहिल्याच प्रवेशातून दाखवता येईल.

तो प्रवेश पुन्हा एकदा हळू वाचूया. एक गाढव येतं. गाढवावर झॅन्थियस नावाचा गुलाम बसलाय, खांद्यावर दांडी, दांडीला मालकाचं सामान. शेजारून त्याचा मालक डायोनिसस पायी चाललाय. हा साक्षात नाटकाचा देव. अंगात केशरी झगा, त्यावर सिंहाचं कातडं, हातात सोटा. पाताळात, म्हणजे मेलेल्यांच्या जगात, जाऊन आलेल्या हेराक्लीस या वीराचं सोंग त्याने घेतलंय, कारण त्यालाही आता तिकडेच जायचंय. युरिपिडीस नुकताच वारलाय, अथेन्समध्ये चांगला कवी उरला नाही, म्हणून त्याला परत आणायचंय. गुलामाचं पहिलंच बोलणं साधारण असं: मालक, नेहमीचा एखादा विनोद मारू का, ज्याला लोक हटकून हसतात? देव म्हणतो, काहीही मार, फक्त ‘मेलो, चेपलो, ओझ्याने जीव चालला’ हे नको. ते ऐकून ऐकून माझं वय वर्षाने वाढतं.

म्हणजे ओझं वाहणाऱ्या माणसाला सगळं बोलायची मुभा आहे, फक्त ओझं जड आहे एवढं म्हणायची नाही. त्यापुढची हुज्जत तुमच्या मुलांना नक्की आवडली असेल. देव म्हणतो, तू गाढवावर बसलायस ना, मग ओझं तू कसं वाहतोयस? गाढव तुला वाहतंय. गुलाम म्हणतो, पण हे माझ्या खांद्यावर आहे त्याचं काय? देव म्हणतो, गाढवाचा तुला उपयोग नाही म्हणतोस ना, मग आता तू गाढवाला उचल. यावर झॅन्थियस कपाळाला हात लावतो: हाय रे दैवा, मी त्या आरमारी लढाईला का नाही गेलो!

वर्ग इथे हसला असेल तर गाढव खांद्यावर घेण्याच्या कल्पनेला. त्यांना हसू द्या. मग एकच प्रश्न टाका: ही कुठली लढाई, आणि तिथे गेला असता तर काय झालं असतं?

नाटक लागलं इ.स.पू. ४०५ च्या हिवाळ्यात, लेनाया या उत्सवात. जेमतेम काही महिन्यांपूर्वी, ४०६ मध्ये, आर्गिनुसायची लढाई झाली होती. स्पार्टाशी चाललेलं युद्ध पंचविशीला आलेलं, तिजोरी रिकामी, माणसं संपत आलेली. अथेन्सने तीस दिवसांत ११० जहाजं उभी केली. एकेका जहाजाला १७० वल्हेकरी लागत, ते आणायचे कुठून? म्हणून गुलामांनाही वल्ह्यावर बसवलं आणि जे बसले त्यांना स्वातंत्र्य दिलं. लढाई जिंकली. पण वादळामुळे बुडत्या जहाजांवरची माणसं वाचवता आली नाहीत, म्हणून सहा विजयी सेनापतींना त्याच शहराने मृत्युदंड दिला. प्रेक्षकांत त्या लढाईत वल्हं मारलेली माणसं होती, तिथे मुलगा गमावलेले बाप होते, आणि कालपर्यंत गुलाम असलेले नवे नागरिकही असणार.

आता ‘मी लढाईला का नाही गेलो’ हे पुन्हा वाचून बघा. झॅन्थियस त्या दिवशी जहाजावर असता तर आज हे सामान त्याच्या खांद्यावर नसतं. पुढे तळ्याकाठी नावाडी कॅरॉन त्याला नावेत घेत नाही, कारण जो गुलाम लढला नाही त्याला नावेत जागा नाही. झॅन्थियस सांगतो, माझे डोळे आले होते हो! मग तो सामान घेऊन तळ्याला पळत वळसा घालतो, आणि देव नावेत चढतो.

मुलं पुढच्या प्रसंगाला हसली आणि तुम्हाला अवघडल्यासारखं झालं, त्याकडे येते. नावेत बसायला मिळालं म्हणून डायोनिसस खूश होतो, तर कॅरॉन त्याच्या हातात वल्हं देतो. या देवाने आयुष्यात वल्हं मारलेलं नाही. बेडूक ‘ब्रेकेकेकेक्स कोआक्स कोआक्स’ करून ताल वाढवत नेतात आणि याच्या हाताला नि बुडाला फोड येतात. घाणेरडं आहे का? असेलही. पण समोर कोण बसलंय ते पाहा. ज्यांच्या स्वतःच्या बुडाला वल्हवून वल्हवून घट्टे पडलेत, असे शेकडो लोक. आपण ज्याच्या उत्सवाला जमलो, त्या देवाला आपलं रोजचं काम पाच मिनिटंही जमत नाही हे ते बघताहेत. वल्हं न धरलेल्या माणसालाही हे हसू कळतं. शेतावर हौसेने आलेल्या पाहुण्याने पहिल्यांदा विळा धरला की बांधावर जे हसू फुटतं, तुमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी ते ऐकलेलं असेल. त्यांना ग्रीस लांबचं वाटत नाही, ताई. लांबचं आपल्याला वाटतं, कारण आपण तिथे टिपांच्या वाटेने गेलो.

तेव्हा मुलं थिल्लर आहेत का, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. तुम्ही कमी पडताय का? तुम्ही रात्री जागून प्रवेश मराठीत उतरवले आणि वर्ग हसला. हे ज्याला जमतं त्याने स्वतःला कमी समजू नये. फक्त क्रम बदलून बघा. आधी मोठ्याने वाचन, मग हसू, मग ‘इथेच का हसलो?’ आणि त्यानंतर टीप. टीप आधी दिली की विनोद समजतो पण हसू येत नाही, आणि हसू आलं नाही तर कुठली जागा खोदायची हेच मुलांना कळत नाही.

आता तुमच्या मुलांची प्रतीकं. ‘सामान म्हणजे कर्म’ म्हणणाऱ्या मुलाला चूक म्हणू नका, पण सोडूही नका. त्याला विचारा, कर्माचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर देता येतं का? तोच म्हणेल, नाही, ज्याचं त्याला भोगावं लागतं. मग नाटकात काय चाललंय? मालक स्वतःचं सामान दुसऱ्याच्या खांद्यावर देतो, आणि तो दमला तर भाड्याने तिसरा शोधतो. तिरडीवरून एक प्रेत चाललेलं असतं, त्यालाच विचारतात, जाताच आहात तर आमचं बोचकं न्याल का? प्रेत उठून दोन ड्राख्मा मागतं. म्हणजे बारा ओबोल. देव नऊवर अडतो. त्यावर प्रेताचं उत्तर: त्यापेक्षा मी परत जिवंत होईन! आपण ‘त्यापेक्षा मेलेलं बरं’ म्हणतो, त्याची ही उलटी बाजू. मेल्यावरही मजुरीची घासाघीस सुटत नाही, आणि तरीही मेलेला माणूस झॅन्थियसपेक्षा बऱ्या अवस्थेत आहे, कारण त्याला ‘नाही’ म्हणता येतं. तो मुलगा इथवर आला की कर्माची गोष्ट आपोआप मागे पडेल आणि ‘ओझं’ हा शब्द मात्र त्याच्या हातात राहील. त्याला एवढंच हवं होतं.

बेडूक म्हणजे मतदार. हे ऐकून तुम्ही हसलात की चिडलात ते पत्रात नाही, मला मात्र हे आवडलं. त्या मुलाला संहितेत परत पाठवा. बेडूक काय गातात? की आम्ही डायोनिससच्या दलदलीतल्या देवळापाशी, त्याच्या सणाला, त्याचंच गाणं गात आलोय. ते त्याचे भक्त आहेत, आणि तो वैतागून त्यांना गप्प बसा म्हणतो. स्वतःची गाणारी मंडळी देवाला ओळखू येत नाही! शेवटी तो त्यांना गप्प करतो तेही कसं, तर त्यांचंच ‘कोआक्स’ त्यांच्याहून मोठ्याने ओरडून. मतदारांचा आवाज चोरून त्यांच्यावर मात करणारा पुढारी असं तुमच्या विद्यार्थ्याला म्हणायचं असेल, तर त्याला एवढी जागा सापडते. पण एक अडचणही त्याच्यासमोर ठेवा. बेडूक त्या एका प्रवेशापुरतेच आहेत, नंतर ते नाटकात नाहीत. त्यापुढचा कोरस, म्हणजे एकत्र गाणारी-नाचणारी मंडळी, मशाली घेऊन नाचणाऱ्या दीक्षित भक्तांचा आहे, आणि शहराला राजकारणाच्या चार गोष्टी तेच सुनावतात. मतदार शोधायचा तर तिथे जास्त सापडेल.

अंतर्मनवालीबद्दल मी फार लिहीत नाही. तळ्याचं पाणी, पलीकडचा अंधार, यावर तिने काही बांधलंय. त्यासाठी नाटकातल्या तीन ओळी दाखव म्हणावं. तीन मिळाल्या तर ऐकून घ्या.

बरोबर-चूक ठरवायला माझ्याकडे एवढंच आहे, आणि गुण देतानाही हेच पुरतं. वस्तू रंगमंचावर डोळ्यांना दिसते का, कानांना ऐकू येते का? ती परत येते का, आणि परत येताना थोडी बदलून येते का? त्या दिवशी तिथे बसलेल्या माणसाला ती कशाची आठवण करून देत असेल? यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नसेल तर प्रतीक सुंदर असेल, पण ते नाटकातलं नाही, वहीतलं आहे. असं मुलांना स्पष्ट सांगायला हरकत नाही. मुलांना त्याने वाईट वाटत नाही, उलट खेळाचे नियम कळल्यावर खेळायला जोर येतो.

या प्रश्नांना सगळ्यात चांगलं उतरणारं प्रतीक तुमच्या पत्रात आलंच नाही, म्हणून ते मी सांगते. नाणं. नाटकाच्या मध्यावर कोरस गोष्ट बाजूला ठेवून थेट प्रेक्षकांशी बोलतो. ग्रीक प्रहसनात या भागाला पॅराबेसिस म्हणतात. तिथे तो म्हणतो, आपलं शहर माणसांशी तसंच वागतंय जसं नाण्यांशी. जुनी चोख नाणी, जी ग्रीकांत आणि परक्यांतही वाजवून पारखली गेली, ती आपण वापरत नाही. परवा पाडलेली तांब्याची हलकी नाणी वापरतो. तसंच चांगल्या घडणीच्या नागरिकांना दूर सारून कालपरवा आलेल्यांना डोक्यावर घेतो. हे अगदी ताजं दुखणं होतं. ४१३ पासून स्पार्टाने डेकेलिया इथे ठाण मांडलं होतं, लॉरियनच्या चांदीच्या खाणींचं काम बसलं होतं, आणि चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची नाणी लोकांच्या खिशात आली होती. प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाच्या कमरेला तेच नाणं होतं.

मराठी मुलांना हे समजवायला तुम्हाला काहीच करावं लागणार नाही. ‘खणखणीत नाणं’ आपण माणसालाच म्हणतो ना? वाजवून बघितलेलं. वर्गात कुणाच्या घरी आजीने जपलेला चांदीचा जुना रुपया असेल तर एक दिवस मागवा. तो फरशीवर टाका, आणि मग आजचं स्टीलचं नाणं टाका. कुणीही काही बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. चांदीचा आवाज थोडा वेळ रेंगाळतो, स्टीलचा टणकन होऊन संपतो. त्यानंतर पॅराबेसिस वाचा. मी हे एका कार्यशाळेत करून पाहिलंय. दुसरं नाणं पडल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगा उठून पुढे आला, म्हणाला परत टाका, आणि पाच-सहा वेळा टाकायला लावलं. त्या दिवशी प्रतीक हा शब्द मला उच्चारावा लागला नाही.

पण इथे मुलांना एक टोचणीही लावून द्या. ‘चांगल्या घडणीचे’ म्हणजे कोण? कोरसला वाटतात ते कुलीन, तालमीत वाढलेले लोक. ४११ मध्ये लोकशाही उलथवणाऱ्या उठावात काहींचं पाऊल चुकलं, त्यांचे नागरिकत्वाचे हक्क गेले, ते परत द्या असं कोरसचं म्हणणं आहे. वल्हं मारून स्वतंत्र झालेल्या गुलामांबद्दल तो म्हणतो, त्यांना नागरिक केलंत ते योग्यच केलंत, मग यांनाही माफ करा. म्हणजे झॅन्थियसच्या खांद्यावरून सुरू झालेलं नाटक मध्यावर येऊन घरंदाजांची बाजू मांडतं. ॲरिस्टोफेनीस कुणाच्या बाजूचा, हा वाद तुमच्या वर्गात रंगेल. तो मिटवू नका. जुनी नोंद अशी आहे की याच भागासाठी नाटकाचा पुन्हा प्रयोग करण्याचा मान त्याला मिळाला. पहिलं बक्षीस तर मिळालंच होतं. त्याच वर्षाच्या अखेरीला, आरमार गमावल्यावर, गेलेले हक्क परत देणारा ठराव शहराने केला. आणि ४०४ मध्ये अथेन्स शरण गेलं.

शेवटचा तराजू मला या नाटकात सर्वांत प्रिय आहे. पाताळात जुना नाटककार एस्किलस आणि युरिपिडीस यांच्यात थोर कोण, याचा सामना लागतो आणि कविता चक्क तराजूत तोलतात. दोघं एकेका पारड्यात एकेक ओळ बोलतात. युरिपिडीस जहाजाची ओळ टाकतो, एस्किलस नदीची. नदीचं पारडं खाली जातं, कारण याने लोकर विकणाऱ्यांसारखा माल ओला केलाय! मग एक ‘मन वळवणं’ टाकतो, दुसरा ‘मृत्यू’. मृत्यू जड. मग एक लोखंडी सोटा टाकतो, तर दुसरा रथावर रथ आणि प्रेतावर प्रेत. आता मागे वळून पहिला प्रवेश आठवा. दांडी, दांडीला लटकलेलं वजन, आणि ‘जड आहे असं म्हणायचं नाही’ हा हुकूम. शेवटी पुन्हा दांडीच येते, पण आता वजन शब्दांचं आहे आणि ते जड असणं हाच मोठेपणा आहे. ओझं वाहणारा तेव्हा रंगमंचावर नसतो. हे मला पुस्तकात सापडलेलं नाही, वाचता वाचता दिसलं. तुमच्या वर्गाला सांगू नका, त्यांना दिसतंय का बघा. नाही दिसलं तरी चालेल.

याच सामन्यातला तेलाच्या बुधलीचा विनोद बहुतेक शिक्षक वगळतात, कारण तो अनुवादात मरतो. एस्किलस म्हणतो, तुझ्या कुठल्याही नाटकाची सुरुवात म्हण, मी तिच्या शेपटाला ‘बुधली हरवून बसला’ जोडून दाखवतो. आणि खरंच प्रत्येक वेळी ते बसतं, कारण युरिपिडीसच्या वाक्याची ठेवण ठरावीक आणि वृत्तात तेवढीच जागा मोकळी. टीप देऊन हे कळत नाही. मुलांना शाळेत पाठ केलेल्या कवितांच्या पहिल्या ओळी आठवायला सांगा आणि प्रत्येक ओळ अर्ध्यावर तोडून ‘…तेलाची बाटली हरवली’ जोडायला लावा. कुठे चपखल बसतं, कुठे लंगडतं? लंगडलं की का लंगडलं हे शोधताना मात्रा मोजाव्याच लागतात. वृत्त शिकवण्याचा इतका गमतीचा तास तुम्हाला दुसरा मिळणार नाही.

राहिलं संमेलन. नाटक बदलू नका असं माझं मत आहे. सहकाऱ्यांशी भांडू मात्र नका, त्यांची भीती खोटी नाही, उद्या तक्रार आली तर उत्तर त्यांनाही द्यावं लागेल. त्यांना दोन गोष्टी सांगता येतील. एक म्हणजे हे नाटक धार्मिक उत्सवातलं आहे, राज्याच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झालेलं, आणि त्यातली शिवराळ थट्टा त्या पूजेचाच भाग होती. दीक्षित भक्तांचा कोरसही गाता गाता पुढाऱ्यांची नावं घेऊन टर उडवतो. कोकणातला शिमगा पाहिलेल्याला हे फोड करून सांगायला लागत नाही. वर्षभर जे तोंडातून निघू नये ते त्या रात्री बोंबलून म्हणायचं, आणि तेही देवाच्या साक्षीने. दुसरी गोष्ट, गाळायचं काय हे एकट्याने ठरवू नका, मुलांबरोबर बसून ठरवा. प्रत्येक आचरट विनोदाला विचारायचं, हा काढला तर दुसरं काय कोसळतं? बुडाचे फोड काढले तर वल्ह्याचा प्रवेश कोसळतो, ते ठेवा. क्लेइस्थेनीस नावाच्या माणसाच्या बायकी वागण्यावरचे टोमणे काढले तर काहीच कोसळत नाही. तो माणूस आज कुणाला माहीत नाही, आणि त्या टोमण्याचा मार प्रेक्षकांत गुपचूप बसलेल्या एखाद्या मुलावर पडेल. ते काढा, पण का काढले हे वर्गात बोला.

भाषेबद्दल एक. मुलं झॅन्थियसला गावाकडची बोली देतील आणि देवाला पुस्तकी मराठी. त्यांनी केलं तर एकदा थांबवून विचारा, आपण बोलीला हसतोय की बोली बोलणारा हसवतोय? झॅन्थियस नाटकातला सगळ्यात हुशार माणूस आहे. बोली त्याच्या तोंडी धारदार आली तर झकासच, आणि देवाची पुस्तकी भाषा घाबरल्यावर गळून पडली तर आणखी मजा.

पंचवीस मिनिटं पुरतात. गाढव, प्रेत, नाव, द्वारपाल, तराजू. तळं करायला खर्च नको, जुनी निळी साडी दोघांनी धरून हलवली की झालं. अमेरिकेत येल विद्यापीठात १९७४ मध्ये याच नाटकाची संगीतिका चक्क पोहण्याच्या तलावात केली होती, आणि कोरसमध्ये तेव्हा विद्यार्थिनी असलेली मेरिल स्ट्रीप होती. हे मुलांना जरूर सांगा, त्यांना हुरूप येईल. आणखी एक जागा सोडू नका. भुताला घाबरून डायोनिसस रंगमंच सोडून पहिल्या रांगेत बसलेल्या स्वतःच्याच पुजाऱ्याकडे धावतो: वाचव मला, म्हणजे नंतर एकत्र प्यायला बसता येईल! तुमच्या पहिल्या रांगेत प्राचार्य असतील. आधी त्यांची परवानगी घ्या, ‘प्यायला’च्या जागी ‘चहाला’ करा, आणि देवाला त्यांच्या पायाशी धाडा. परवानगी मागायला गेल्यावर नाटक काय आहे हे त्यांना शांतपणे सांगायची संधीही आपसूक मिळते. तक्रार येण्याआधी हे झालेलं बरं.

आणि आता ती न हसलेली मुलगी. ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तिची आहे. द्वारपालाच्या प्रवेशात काय होतं? पाताळात हेराक्लीसवर लोक खवळलेत, म्हणून देव घाबरून सिंहाचं कातडं गुलामाला देतो. मेजवानीचं बोलावणं आलं की काढून घेतो, पुन्हा धोका दिसला की पुन्हा देतो. अशा वेळी, कातडं अंगावर असताना, झॅन्थियस ‘मालक’ म्हणून बोलतो: माझ्यावर संशय आहे ना, मग या माझ्या गुलामाला घ्या आणि हवा तसा छळून विचारा. अथेन्सच्या न्यायालयात गुलामाची साक्ष छळ करूनच घेत. तिथल्या प्रत्येक प्रेक्षकाला हे माहीत होतं, आणि आयुष्यभर ज्याच्यावर ही वेळ येऊ शकली असती तो आज ते वाक्य मालकाबद्दल बोलतोय. मग देव कोण हे ठरवायला दोघांनाही फटके. देवाला दुखत नसतं, म्हणून जो कळवळेल तो गुलाम. दोघंही कळवळतात आणि दोघंही लपवतात. देवाच्या डोळ्यांत पाणी येतं तर तो म्हणतो, कांद्याचा वास आला! द्वारपाल शेवटी हात टेकतो: मला काही कळत नाही बुवा, आत चला, आमचे मालकच ओळखतील.

फटक्याखाली देव आणि गुलाम वेगळे ओळखू येत नाहीत. वर्ग कांद्याला हसला ते बरोबर, आणि ती चाबकाकडे बघत होती तेही बरोबर. तिने विचारलेला प्रश्न तसाच्या तसा, तिचं नाव न घेता, पुढच्या तासाला फळ्यावर लिहा आणि हा प्रवेश पुन्हा वाचून घ्या. तिला भूमिका करायची नसेल तर आग्रह नको, पण हा एक प्रवेश तिला बसवायला द्या. फटका प्रेक्षकांना दाखवायचा, की पाठमोरं उभं करून नुसता आवाज काढायचा, की आवाजही नको आणि फक्त झॅन्थियसचा चेहरा दिसू द्यायचा, हे तिला ठरवू द्या.